अशूची शर्यतीची गाडी बघून आलो त्याची हकीकत

सांगलीहून आल्यापासून गावात माझ्यामागं एकच लकडा आहे. म्हातारा नातीची शर्यत बघून आला म्हणे, गाडी पेटली म्हणे, म्हाताऱ्यानं नारळ घालून गाडी फोडली म्हणे. यातलं एकही खरं नाही. शर्यत अजून व्हायची आहे, गाडी पेटली नाही, आणि नारळ मी फोडला पण दगडावर फोडला. पारावर दर माणसाला नव्यानं सांगून तोंड दुखलं, म्हणून बसून लिहून काढतो. मी चौथी शिकलेला आहे. पण ती त्या काळची चौथी आहे, हल्लीची नव्हे. अक्षर लागत नसेल तर चष्मा बदलून घ्यावा.

जायचं कारण आधी सांगतो. माझा मुलगा संभाजी फौजेत हवालदार आहे. सध्या तिकडं लांब बर्फात आहे. त्याची मुलगी अश्विनी, तिला आम्ही अशू म्हणतो, सांगलीजवळच्या एका कॉलेजात इंजिनीअर व्हायला गेली आहे. तिथल्या पोरापोरींनी मिळून विजेवर चालणारी शर्यतीची गाडी बनवली. देशभरातल्या कॉलेजांची पोरं अशा गाड्या बनवून एका ठिकाणी नेतात. तिथं आधी तपासणी होते, त्यात पास होईल ती गाडी पळवायची. आणि ह्यांच्या गाडीत बसून ती पळवायला पोरांनी कुणाला निवडलं, तर अशूला. अंगानं हलकी आणि हाताला न डगमगणारी म्हणून. घरचा ट्रॅक्टर ती चालवते. तो मीच शिकवलाय.

आता गेल्या उन्हाळ्यात उंब्रजला एकाची विजेची स्कूटर गोठ्यात चार्जिंगला लावलेली असताना पेटली. म्हैस वाचली, वैरण गेली, पत्रा वाकडा झाला. तो वाकडा पत्रा अजून रस्त्यावरनं दिसतो. त्यामुळं पोरगी विजेच्या गाडीत बसणार म्हटल्यावर अशूच्या आईच्या घशाखाली घास उतरेना. कॉलेजनं सांगितलेलं, घरच्यांचा होकार असेल तरच पोरगी गाडीत बसेल. मग संभाजीचा फोन आला.

"आबा, मला हितनं काय दिसतंय? तुमी जाऊन बघून या. तुमी व्हय म्हनला तर व्हय, न्हाई म्हनला तर न्हाई."

"त्याला सांगलीला कशाला जाया पायजे? न्हाई म्हनतो. हितनंच म्हनतो."

"न बघता नका म्हनू. बघून म्हना."

ते मला लागलं. न बघता बोलणाऱ्यांपैकी मी नव्हे. म्हणून गेलो. नाही म्हणायचं ठरवूनच गेलो, पण बघून.

एस.टी.

पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसाला एस.टी. फुकट आहे. कंडक्टर पोरगा म्हणाला, "आजोबा, आधार दाखवा."

मी म्हणालो, "तोंडाकडं बघून कळत न्हाई व्हय रं?"

"तोंडावरनं साठीचे दिसताय, म्हणून तर विचारलं."

मी मुकाट्यानं आधार काढून दाखवलं. चांगल्या घरचा पोरगा असावा.

पेठ नाका सोडला की डोंगर मागं राहतात. आमच्याकडं मान वर केली की कुठला ना कुठला डोंगर दिसतो आणि आपण कुठं आहोत ते कळतं. इकडं सगळं सपाट. ऊस आमच्यासारखाच, पण माती काळी, जाड, पाय धरून ठेवणारी. उसाच्या सऱ्या आमच्यापेक्षा रुंद पाडतात. मी शेजारच्या माणसाला विचारलं, तर म्हणाला, "आजोबा, मी बँकेत आहे." सांगलीकडं बँकेतली माणसं फार.

सांगलीत उतरलो तर नाकाला हळदीचा वास. मार्केट यार्डाच्या बाजूनं वारा असला की गावभर येतो म्हणे. मला न्यायला माझा भाचा दिलीप मोटरसायकल घेऊन आला होता. तो कुपवाडला एमआयडीसीत पत्रा वाकवायच्या कारखान्यात आहे. जाता जाता त्यानं मला नदी दाखवली. आमच्या उंब्रजला तारळी येऊन मिळते तीच ही कृष्णा, पण इथं येईस्तवर पार सुस्त होते. नदीकाठच्या घरांच्या भिंतींवर माणसाच्या डोक्याच्या वर रेघा मारलेल्या होत्या. पूर कुठवर आला त्याच्या. आमच्याकडं भिंतीवर पोरांची उंची मोजतात, इथं नदीची मोजतात.

दिलीपच्या घरी गेल्या गेल्या त्याच्या बायकोनं ताटलीभर भडंग पुढं ठेवलं. भडंग म्हणजे लसूण, तिखट, शेंगदाणे घातलेला चुरमुरा. आमच्याकडं चुरमुऱ्याला एवढा मान नाही, जत्रेपुरता. इथं पाहुणा आला की भडंग, निघाला की पिशवीत भडंग. खाल्लं. चांगलं होतं. दुसऱ्यांदा दिलं तेही खाल्लं.

जेवताना दिलीप म्हणाला, "मामा, त्या गाडीच्या बॅटरीचा डबा आमच्याच हितं वाकवलाय. शिफ्ट सुटल्यावर मी अन् दोघंजणं थांबायचो."

"बरा झालाय का?"

"मला इचाराल तर पहिलाच बरा झालता. ही पोरं घेऊन जायची, अन् परत घेऊन यायची. एक कोपरा धारदार ऱ्हायला, वायर कापल. एक भोक मोठं झालं. झाकन बसतंय पर दाबून बसत न्हाई. शेवटी आमचा फोरमन म्हनला, अरं ही गाडी बनवत्यात का सून बघत्यात?"

मी हसलो. पण मनात म्हटलं, एवढ्या फेऱ्यांची गरज पडते म्हणजे वस्तूच धोक्याची असणार. माझं नाही म्हणायचं आणखी पक्कं झालं.

शेड

दुसऱ्या दिवशी सकाळी दिलीपनं मला कॉलेजच्या मागच्या शेडात सोडलं. अशू पाया पडली. पोरांनी आजोबा आले, आजोबा आले म्हणून कांदेपोहे आणले. त्यात साखर होती. आमच्याकडं पोह्यात साखर घातली तर चुलीजवळच्या बाईला विचारतात, बरी आहेस ना. पण पोरं प्रेमानं देत होती, खाल्ले.

गाडी बघितली. कल्पना यावी म्हणून सांगतो, बैलगाडीच्या साटीएवढी लांब, गुडघ्याएवढी उंच, छप्पर नाही, आणि माणूस आत बसत नाही तर निजतो म्हटलं तरी चालेल. लोखंडी नळ्यांचा सांगाडा पोरांनी स्वतः जोडलेला. बसायची सीट पोरांनीच साच्यात ओतलेली. ब्रेकचे भाग भंगारात गेलेल्या एका मोटारीचे. रंगसुद्धा दोन जागी वेगळा, कारण पहिला डबा संपला. मी मनात सगळं मांडत होतो, घरी सांगायला. पण बसणाऱ्याला बांधायचे पट्टे कोरे होते. डोक्याचं हेल्मेट कोरं होतं. अंगात घालायचा न पेटणारा डगला कोरा होता.

"ह्ये बरं नवं घेतलं," मी अशूला म्हणालो.

"बाकीचं जुनं चालतंय आबा. ह्ये न्हाई चालत."

शेडात जमिनीवर पिवळा पट्टा ओढलेला. त्याच्या आत जायचं तर हातातलं घड्याळ, अंगठी, कडं सगळं काढायचं. धातूचं काही अंगावर नको. आणि तिथं हुकूम चालतो तो रूपाली नावाच्या मुलीचा. ही माण तालुक्यातली, दहिवडीच्या बाजूची. वडील मुंबईला, घरी शेरडं-मेंढरं. अंगकाठी काटक, बोलणं तिखट. गाडी चालू करायची किल्ली तिच्याच गळ्यातल्या दोरीला. बाकी सगळी पोरं गाडी बनवतात, हिचं काम गाडीपासून कुणाला इजा होऊ न देणं. तिनं माझ्या बोटातल्या चांदीच्या अंगठीकडं बघितलं.

"आजोबा, ती काढावी लागंल."

"ती लग्नातली हाय. बोटातनं निघत न्हाई."

साबण आणला. तेल आणलं. अंगठी निघाली नाही. मग मला पट्ट्याच्या बाहेर खुर्ची दिली. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, जाऊ द्या, आजोबा आहेत, या आत. ही म्हणाली नाही. मला राग आला, पण खुर्ची चांगली होती.

तिथं बसून मी काय बघितलं ते सांगतो. अशूला डगला, हेल्मेट घालून, पट्टे आवळून गाडीत बसवायचे. मग कुणीतरी एकदम ओरडायचं, "बाहेर!" की तिनं पट्टे सोडून, स्टिअरिंग काढून फेकून, पाच आकडे मोजेपर्यंत दोन्ही पायांवर बाहेर उभं राहायचं. तिथल्या तपासणीत हे करून दाखवावं लागतं. पोरगी पुन्हा पुन्हा बसत होती, पुन्हा पुन्हा उडी मारत होती. एकदा पाय अडकून ढोपरावर आपटली. मी खुर्चीतनं उठलो. ती उठली आणि परत आत जाऊन बसली.

बॅटरीचा डबा उघडायचा तेव्हा रूपालीनं कोपरापर्यंत रबरी हातमोजे घातले. तिच्या मागं एक मुलगा लाकडी दांड्याचा आकडा घेऊन नुसता उभा.

"ह्यो काय करतोय?" मी विचारलं.

"मला करंट लागला तर आकड्यानं वडून काढायचं. हातानं धरायचं न्हाई, न्हाईतर त्योबी जातो," रूपाली म्हणाली. आमच्या भावकीत एक माणूस शेतातल्या खांबाला चिकटला आणि त्याला धरायला गेलेला भाऊही गेला. ते मी तिला सांगितलं नाही. तिला माहीत असल्यासारखीच ती बोलत होती.

मग तिनं मला एक काळी डबी दाखवली, खुर्चीपर्यंत आणून. तशीच दुसरी गाडीत बसवलेली आहे. म्हणाली, "वीज तिच्या वाटंनं जायाची, आजोबा. गाडीच्या लोखंडाला लागली तर आत बसलेल्या मानसाला लागंल. ही डबी कायम बघत असती, वीज लोखंडाकडं सुटती का काय. जरा जरी सुटाय लागली तर लाल दिवा लावती आन् आख्खी गाडी बंद करती. मंग कुनी कितीबी दाबा, चालू व्हायाची न्हाई."

"अन् डबीच बिघडली तर?"

"तरीबी बंद करती."

मला बरं वाटलं, पण तसं दाखवलं नाही.

नारळ

त्या दिवशी दुपारी गाडी पहिल्यांदा मैदानात काढायची होती. चार वाजता कुपवाडचे एक कारखानदार बघायला येणार होते. गाडी डोळ्यांसमोर चालली तर शर्यतीच्या गावापर्यंत न्यायला ते आपला टेम्पो देणार होते. टेम्पो नाही तर जाणं नाही, असं पोरांचं चाललेलं. पोरांचा पुढारी ओंकार, सांगलीचाच, वकिलाचा मुलगा, सारखा फाटकाकडं बघत होता.

गाडी ढकलत बाहेर आणली. मी पिशवीतनं नारळ, हळदकुंकू, उदबत्ती काढली. सुनेनं बांधून दिलेलं होतं. आमच्याकडं नवं वाहन आलं की पूजा केल्याशिवाय त्याचं चाक फिरवत नाहीत. ट्रॅक्टर असो, मळणी मशीन असो. ही पोरं शिकलेली असली तरी कुणी नको म्हणालं नाही, उलट दोघातिघांनी चपला काढल्या. अशू तेवढी म्हणाली, "आबा, नारळ तिकडं दगडावर फोडा हां. गाडीवर न्हाई."

दगडावरच फोडला. नारळाचं पाणी चाकावर घातलं. इथवर सगळ्यांच्या देखत. आता पुढचं. आमच्या रीतीत पाणी चाकावर घालतात तसं इंजिनावरही घालतात, कारण वाहनाचा जीव तिथं. हिचा जीव मागं डब्यात. पोरं डोळे मिटून हात जोडून उभी होती, रूपाली आग विझवायची नळकांडी आणायला शेडात गेली होती. मी वाटीत उरलेलं पाणी मागच्या बाजूला घातलं. मला ते बरोबर वाटलं म्हणून घातलं.

अशू आत बसली. पट्टे आवळले. रूपालीनं किल्ली लावली, हात वर करून सगळ्यांना मागं सरकवलं. अशूनं बटण दाबलं. कट्ट असा आवाज झाला आणि लाल दिवा लागला. पुन्हा केलं. पुन्हा कट्ट, पुन्हा लाल. रूपालीनं मीटर आणला, वाकून बघितलं, आणि मागचा भाग बोटानं पुसून ते बोट नाकाजवळ नेलं.

"ह्ये पानी कुनी घातलं?"

सगळी माझ्याकडं बघाय लागली. मी म्हणालो, "मी घातलं. तीर्थ हाय त्ये."

"नारळाचं पानी म्हंजे मिठाचं पानी, आजोबा," ती म्हणाली. "आत गेलंय. डबी बरूबर बोलतीय. सगळं उघडून वाळवाय पायजे."

"किती वेळ?" ओंकारनं विचारलं.

"आज गाडी चालायची न्हाई."

ओंकार खालीच बसला. एवढ्या पोरांचं माझ्यापायी अडलं हे मला सहन होईना. मग मला उपाय आठवला, आणि मी तो सांगितला. विहिरीवरच्या आमच्या मोटारीचा स्टार्टर असाच दर घटकेला पडायचा. वायरमननं सांगितलं हे बदला, ते बदला. मी काय केलं, जी वस्तू स्टार्टर पाडत होती तिच्या दोन टोकांना तार जोडून दिली. तेव्हापासून मोटार एकदाही आपणहून बंद पडली नाही. गावातल्या निम्म्या मोटारी अशाच चालतात.

"तुमच्या त्या डबीला तार मारा," मी म्हणालो. "त्यात काय एवढं? एक चक्कर हू द्या, मंग उघडा सावकाश."

रूपालीनं गाडीतनं किल्ली काढून मुठीत धरली. पण ओंकार उठला. आधी माझ्याकडं बघितलं, मग फाटकाकडं.

"तसं करता येईल," तो हळू म्हणाला. "म्हणजे, फक्त एक राउंड. हळू. ऊन आहे, थोडं वाळलंही असेल. साहेब आले की दाखवायचं, गेले की उघडायचं."

"न्हाई," रूपाली म्हणाली.

"रूपाली, टेम्पो गेला तर वर्षभर केलं ते सगळं इथंच राहील."

"ऱ्हाऊ दे."

"तुझं एकटीचं नाही ना ते! बाकीच्यांना विचारू. कुणाकुणाला वाटतं करावं?"

एक हात वर गेला. मग आणखी दोन-तीन. मग बरेच. मला मनातनं बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. रूपाली एका बाजूला, मूठ आवळलेली. बाकी सगळी माझ्या बाजूला.

तेवढ्यात गाडीतनं पट्टे सुटल्याचा आवाज आला. अशू बाहेर उभी राहिली. हेल्मेट काढलं, सीटवर ठेवलं.

"मी बसत न्हाई," म्हणाली.

ओंकार म्हणाला, "अश्विनी, एकच राउंड."

"तू बस मग."

तो परत फाटकाकडं बघाय लागला. हात वर केलेल्यांतलंही कुणी पुढं आलं नाही. मग मी पुढं झालो.

"अशे, मी सांगतोय न्हवं? तुझा आज्जा हाय मी. बस जा."

"न्हाई आबा."

"आपली मोटार चालती ती दिसत न्हाई तुला?"

"आपली मोटार हिरीत असती आबा. हिच्यात मी असती."

आवाज चढवला नाही तिनं. डगल्याची बाही ओढत उभी होती. माझ्या घरात मला तोंडावर नाही म्हणणारं आजवर कुणी झालेलं नाही. माझ्या मुलानं फौजेत जायच्या आधीही मला विचारलं होतं. आणि ही परक्या पोरांच्या देखत, डोळ्याला डोळा लावून. मी वळलो आणि लिंबाखाली जाऊन बसलो. पहिल्या गाडीनं उंब्रजला जायचं ठरवलं. पण पिशवी शेडात राहिली होती आणि ती मागायची म्हणजे बोलावं लागणार.

कारखानदार आले तेव्हा गाडीचा मागचा भाग उघडा पडलेला, आणि मुलींच्या होस्टेलातनं आणलेल्या केस वाळवायच्या मशीननं रूपाली गाडीची आतडी वाळवत होती. ओंकारनं काय झालं ते सांगितलं. मला वाटलं माझं नाव घेईल, पण "पाणी गेलं" एवढंच म्हणाला. साहेबांनी चहा घेतला, गाडीभोवती एक फेरी मारली, "चालली की फोन करा," म्हणाले आणि गेले. जाताना माझ्यासमोर थांबले. "आजोबा, प्रसाद आहे का?" मी खोबऱ्याचा तुकडा दिला. नमस्कार करून घेतला त्यांनी.

पुढं कळलं, पाणी आत गेलं ते एका सांध्याच्या झाकणातनं. तिथली रबरी कडी विकत मिळेना म्हणून पोरांनी सायकलच्या ट्यूबची कापून बसवली होती आणि ती एका जागी मुडपली होती. ओंकार माझ्याजवळ येऊन बसला. अंगापिंडानं चांगला, पण त्यावेळी खाली बघून बोलत होता.

"आजोबा, एका अर्थी बरंच झालं. तिथं तपासणीला गाडीवर पाण्याचा फवारा मारतात. बंद पडली की बाद. आपली तिथंच बाद झाली असती."

"बघ!" मी म्हणालो. "म्हंजे माझ्या नारळानं दोष काढून दिला."

रूपाली मान वर न करता तिकडनं म्हणाली, "नळाच्या पान्यानंबी निघाला असता, आजोबा. तेबी आमी इचारून घातलं असतं."

पोरं हसली. मी हसलो नाही. अशूनं चहाचा कप माझ्याशेजारी दगडावर ठेवला आणि परत गाडीकडं गेली. चहा गार झाल्यावर प्यालो.

कुपवाड

संध्याकाळी दिलीप मला घेऊन आला. कारखाने सुटलेले, सगळा रस्ता मोटरसायकलींनी भरलेला, प्रत्येकाच्या हँडलला डब्याची पिशवी. घरी आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो हसून हसून खोकाय लागला.

"मामा, डबा आमी एवढा घासून घासून केला अन् तुमी वरनं नारळ वतला!"

"तीर्थ वतलं."

"अन् वर तार मारा म्हनला?"

"मारली असती तर चालली असती गाडी."

"चालली असती," तो म्हणाला. "त्येच्यापायीच तर भ्या वाटतं, मामा."

त्याच्या बायकोनं त्याला दटावलं आणि मला भाकरी वाढली. वरनं ताज्या हळदीचं लोणचं. ओल्या हळदीचं लोणचं आमच्याकडं करत नाहीत, पण करायला हरकत नाही. सुनेला सांगितलं आहे.

दिवेलागणीला संभाजीचा फोन आला. त्याच्या तिकडं वारा फार, निम्मं ऐकू येत नाही, म्हणून मी गच्चीवर जाऊन मोठ्यानं बोललो. खालच्या बोळातली माणसं वर बघत होती. बघू देत.

"आबा, बघितली का गाडी?"

"बघितली."

"कशी पळती?"

"पळाली न्हाई. बंद पडली."

"मंग न्हाई सांगू व्हय कॉलेजला?"

"मी न्हाई म्हनलोय का? बसू दे तिला."

"आँ?"

"बसू दे म्हनतोय अशूला. कान गेलं का तुजं थंडीनं?"

"आवं पर गाडी बंद पडली म्हंता न्हवं?"

"बंद पडली. म्या सांगितलं, तार मारून चालवा. समदी पोरं तयार झाली. ही उतरली खाली. मी सांगितलं, बस जा. बसली न्हाई. दोनदा सांगितलं तरी बसली न्हाई."

पलीकडं नुसता वारा. मला वाटलं लाईन गेली.

"तुमी सांगूनबी?" संभाजीनं विचारलं.

"मी सांगूनबी. सगळ्यांच्या देखत."

"आबा," तो जपून म्हणाला, "चिडलायसा व्हय तुमी?"

"लय."

"अन् तरी बसू दे म्हंता?"

"चिडलोय त्ये येगळं," मी म्हणालो. "तू कॉलेजला फोन लाव. आत्ता लाव."